ब्रेकबाईंचा ओव्हन

ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. हा दुसरा अगदी अडीनडीला वापरायचा असतो. आमच्या बाई तो दिवसभर वापरायच्या. शंभर पावलांवर एखादं मांजर नुसतं विचारात पडलेलं दिसलं, तरी गाडी जागच्या जागी थांबायची आणि शिकणाऱ्याचं नाक स्टिअरिंगला टेकायचं. म्हणून सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणायचे. तोंडावर अर्थात नुसतं ‘बाई’.

मी त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात बसायचे. अर्ज भरून घ्यायचे, कुणाची शिकवणी किती वाजता ते लिहून ठेवायचं, परीक्षेत नापास होऊन आलेल्यांना पाणी द्यायचं, ही माझी कामं. ऑफिस म्हणजे रस्त्याला लागून असलेली लांबट खोली. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, टेबलावर शिकवण्यासाठी मधोमध कापलेला एक गिअरबॉक्स, आणि मागच्या कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. स्कूलचे मालक म्हणजे बाईंचे धाकटे दीर. ते बाईंना दबकून असायचे, कारण त्यांनाही गाडी बाईंनीच शिकवली होती.

बाई सकाळी आठला गाडीत बसायच्या त्या संध्याकाळी सहाला उतरायच्या. दुपारचं जेवण समोरच्या दुकानातलं, काहीतरी तळलेलं, कागदात गुंडाळून आणलेलं. त्या तेलाने त्यांच्या वहीची पानं अशी भिजली होती की सोमवारच्या पानातून गुरुवारची नावं वाचता यायची. घरून डबा आणायची सोय नव्हती. घरी स्वयंपाक त्यांचे यजमान करायचे, फक्त संध्याकाळचा, आणि बाईंना स्वयंपाकघरात यायला बंदी होती. कारण त्या मागे उभ्या राहून “पळी डावीकडे घ्या, आता हळू, आता सोडा,” असं सांगत राहायच्या. लग्नानंतर वर्षभर यजमानांनी ते सोसलं, मग दाराला आतून कडी बसवून घेतली.

वयाच्या छपन्नाव्या वर्षी बाईंना जिना चढताना धाप लागायला लागली. रक्त तपासलं. डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला.

“बाई, तळलेलं बंद करा,” तो म्हणाला.

“एकदम? हळूहळू कमी केलं तर?”

“तुम्हीच शिकवलंत ना मला. थांबायचं तर चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, सरकत राहिलेली चालत नाहीत.”

बाई ऑफिसात आल्या आणि खुर्चीत बसून म्हणाल्या, “मेल्याने एवढं एकच लक्षात ठेवलं.”

त्याच आठवड्यात एक शिकणारी मुलगी शहर सोडून चालली होती. सामान आवरताना तिने आपला एअर फ्रायर ओव्हन बाईंना दिला. मोठ्या रेडिओएवढा, पुढे काचेचं दार, आत जाळी, एक ट्रे आणि गरम हवा फिरवणारा पंखा. बाईंनी तो गिअरबॉक्सशेजारी ठेवला आणि मला म्हणाल्या, “आजपासून जेवण इथे. तेल नाही, बाहेरचं नाही. माहितीपुस्तक वाचायची गरज नाही, दोन तर बटणं आहेत.”

पहिल्या दिवशी त्यांनी कोंबडीच्या सहा तंगड्या कातडीसकट जाळीवर कोंबल्या आणि उष्णता शेवटच्या आकड्यावर नेली. खालचा ट्रे लावायचा राहिला, तो माझ्या टेबलावर होता आणि मी त्यावर अर्ज ठेवले होते. कोंबडीची चरबी वितळून थेट खालच्या तापलेल्या कांबीवर पडायला लागली. दहाव्या मिनिटाला खोलीत इतका धूर झाला की वाहतुकीच्या खुणांपैकी फक्त लाल तेवढ्या दिसत होत्या. आम्ही सगळे खोकत रस्त्यावर आलो. समोरच्या दुकानदाराने पाण्याची बादली आणून दिली, पण त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान काही लपलं नाही.

मालक धावत आले. “वहिनी, हे स्कूल आहे.”

“मला माहीत आहे, भावजी.”

“अजून एकदा धूर निघाला तर ही वस्तू भंगारात जाईल.”

बाईंना असं बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. बोलून झाल्यावर ते स्वतःच जरा घाबरले आणि निघून गेले.

बाई धडा शिकल्या, पण भलताच. आता त्या उष्णता कमी ठेवायच्या आणि दर मिनिटाला दार उघडून आत बघायच्या. दार उघडलं की आतली गरम हवा बाहेर, पंखा बंद. बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. चार दिवस त्यांनी बटाटे केले आणि चारही दिवस ते बाहेरून सुरकुतलेले, आतून कच्चे. मलाही खावे लागले. पाचव्या दिवशी मी उपास आहे, तोही निर्जळी, म्हणून सांगितलं.

नेमके त्याच दुपारी आचारीकाका ऑफिसात बसले होते. आचारीकाका म्हणजे इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेले गृहस्थ. चारशे रोग्यांचं पथ्याचं जेवण त्यांनी सत्तावीस वर्षं वेळेवर पोहोचवलं होतं. इतका कर्तबगार माणूस, पण गाडीत बसला की हातपाय गळायचे. शहराबाहेरच्या घाऊक भाजीबाजारात पहाटे जायला आपली गाडी हवी, एवढ्यासाठी ते शिकत होते आणि तीनदा नापास झाले होते. बाई “क्लच” म्हणाल्या की ते दोन्ही पाय वर उचलून घ्यायचे.

त्यांनी बाईंना ओव्हनचं दार उघडताना एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. सातव्यांदा त्यांच्याने राहवलं नाही.

“बाई, ते बंद करा.”

आवाज असा होता की मीसुद्धा हातातलं पेन खाली ठेवलं. गाडीत ‘हो बाई, नाही बाई’ करणारे हेच का ते, अशा नजरेने बाई बघत राहिल्या. काकांनी ट्रे बाहेर काढला, एक काप मोडून पाहिला आणि तो ज्या गंभीरपणे पुन्हा खाली ठेवला, त्यावरून रोगी हाताबाहेर गेला आहे हे कळलं.

“कापल्यावर धुतले का?”

“धुतले.”

“पुसले का?”

“बटाटे कुणी पुसतं का?”

“मग पाणी वाफ होण्यातच सगळी आच जाते. आणि ही गर्दी बघा. हवेला फिरायला वाट नको? दाटीवाटीत माणसाला घाम सुटतो, तसा यांनाही सुटलाय.”

तिथेच करार झाला. मंगळवार आणि शुक्रवारी आधी बाईंनी काकांना तासभर गाडी शिकवायची, मग काकांनी बाईंना तासभर ओव्हन. शिकवण्याच्या बाबतीत काका बाईंच्या वरताण निघाले. बाईंना त्यांनी टेबलाच्या पलीकडे बसवलं आणि स्वतः प्लगवर हात ठेवून उभे राहिले. बाईंचा हात दाराकडे गेला की बटण बंद.

“अहो, जळेल ते,” बाई म्हणायच्या.

“जळणार नाही. वीस मिनिटं दिली आहेत. दहाव्या मिनिटाला आपण एकदा हलवणार आहोत. तोपर्यंत बसायचं.”

“काचेतून बघू?”

“बघा. पण खुर्चीतून.”

बाई आयुष्यात पहिल्यांदा वीस मिनिटं काही न करता बसल्या. घाम मात्र फुटला होता. बटाटे निघाले ते चार माणसांत मिळून एक चमचा तेलाचे, कडा खरपूस आणि आत भुसभुशीत. बाईंनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुझा उपास अजून चालू आहे ना?” आणि तिसरा घेतला.

पुढच्या आठवड्यांत काकांनी त्यांना साधं, रोजचं जेवण शिकवलं. बाजार उठायच्या वेळी वाकडी गाजरं, डाग पडलेला भोपळा, फ्लॉवरचे देठ मातीमोल मिळतात, ते आणायचे. भोपळ्याची साल काढायची नाही, भाजल्यावर ती मऊ होते. फ्लॉवरचे देठ तुऱ्यांच्या आधी आत घालायचे, कारण त्यांना वेळ लागतो. भिजवून उकडलेले काबुली चणे फडक्यावर पसरून खडखडीत कोरडे करायचे आणि मीठ-मिरी लावून भाजायचे, म्हणजे तळलेल्याची आठवण येत नाही. शिळ्या पावाचे तुकडे वर घातले की भाजीला कुरकुरीतपणा येतो. मासा कागदात गुंडाळून, लिंबाची चकती ठेवून. आणि कोंबडी करायची तर कातडी काढून, खालच्या ट्रेमध्ये पेलाभर पाणी ओतून, म्हणजे चरबी पाण्यात पडते आणि मालक धावत येत नाहीत.

मालक तरीही आले. एका शुक्रवारी दुपारी ते दारात उभे राहून हवा हुंगत म्हणाले, “वहिनी, धूर येतोय का?”

“लसूण भाजतोय, भावजी. ताट घ्या.”

ते उभ्याउभ्याच जेवले. दुसऱ्या दिवशी घरून स्वतःची ताटली आणि काटा घेऊन आले आणि माझ्या कपाटात ठेवून गेले. मग हळूहळू सगळ्यांनाच जेवणाच्या वेळची, एक वाजताची शिकवणी हवी झाली. एक शिंपीणबाई तर परीक्षा पास झाल्यावरही दोन आठवडे येत राहिल्या. रिव्हर्स अजून पक्का नाही म्हणायच्या, आणि रिव्हर्सची वेळ बरोबर एकलाच ठरवायच्या.

इकडे गाडीत मात्र घोडं अडलेलंच होतं. काका टेबलापाशी सिंह आणि स्टिअरिंगमागे ससा. एका मंगळवारी बाई काकांना चालवायला बसवून रिकाम्या मैदानाकडे निघाल्या आणि वाटेत बाईंना काय वाटलं कोण जाणे, चपला काढून सीटवर मांडी घालून बसल्या. मी परीक्षेचे कागद पोहोचवायचे म्हणून मागे बसले होते. बाईंचे पाय ब्रेकवर नाहीत, हे बघून मी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली.

“बाई, पाय,” काका कसेबसे म्हणाले.

“पाय माझे आहेत. तुम्ही पुढे बघा.”

“समोर ट्रक आहे.”

“उभा आहे. त्याला वळसा घाला.”

“मला जमणार नाही.”

“तुम्ही मला दार उघडू देता का? मग मीही बसले आहे. वीस मिनिटं चालवा, दहाव्या मिनिटाला आपण एकदा वळणार आहोत.”

काकांनी ट्रकला वळसा घातला. इतका लांबून, की पलीकडच्या सायकलवाल्याने उतरून वाट दिली, पण घातला. मैदानाला चार फेऱ्या झाल्या. बाईंचा उजवा गुडघा सगळा वेळ उडत होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरला होता. गाडी थांबल्यावर काकांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग हळूच म्हणाले, “म्हणजे आजवर गाडी मी चालवतच नव्हतो.”

“नव्हता,” बाई म्हणाल्या. “चूक माझी.” बाईंच्या तोंडून हे दोन शब्द मी तरी आधी ऐकले नव्हते.

चौथी परीक्षा त्यानंतर दहा दिवसांनी. परीक्षक होते एक गालफडं बसलेले, कुणाशी न बोलणारे गृहस्थ. काकांनी चांगली सुरुवात केली. आम्ही कुंपणापाशी उभ्या होतो आणि बाई नकळत उजव्या पायाने जमीन दाबत होत्या. परीक्षकांनी अचानक थांबायला सांगितलं, काकांनी कचकन ब्रेक दाबला, आणि सीटखाली बाईंनी मधल्या वेळच्या भुकेसाठी ठेवलेला भाजलेल्या चण्यांचा डबा पुढे येऊन उघडला. चणे सगळ्या गाडीत पसरले. एक चणा नेमका क्लचखाली गेला. काकांनी गाडी सुरू असतानाच तो काढायला खाली वाकण्याचा घोर अपराध केला आणि इंजिन बंद पाडलं.

नापास. पण परीक्षक गाडीतून उतरले तेव्हा त्यांचं तोंड हलत होतं. कागदावर सही करता करता त्यांनी विचारलं, “हे तळलेले आहेत का?”

“नाहीत,” काका म्हणाले. “आधी पूर्ण कोरडे करायचे. घाई करायची नाही.”

परीक्षकांनी मान डोलावली आणि नापासचा शिक्का मारला. त्यात काही सूट दिली नाही. बाई परतताना म्हणाल्या, “माणूस चोख आहे.”

पाचव्या खेपेला काका पास झाले. काहीही घडलं नाही, म्हणून त्याबद्दल सांगण्यासारखंही काही नाही. डबा घरी ठेवला होता, एवढंच.

बाईंच्या रक्ताचे आकडे सहा महिन्यांनी उतरले, पण त्यांना वाटलं होतं तितके नाहीत. डॉक्टरने खोदून विचारलं. बाईंनी कबूल केलं की दर शनिवारी ओव्हन बंद असतो आणि समोरचं दुकान उघडं असतं. “शनिवारी चाकं थोडी सरकतात,” त्या म्हणाल्या. डॉक्टरने महिन्यातून एक शनिवार मंजूर केला. बाईंनी घासाघीस करून दोन पदरात पाडून घेतले.

काका आता पहाटे घाऊक बाजारात स्वतःच्या जुन्या गाडीने जातात आणि येताना आमच्याकडे पोतंभर भाजी टाकतात. अर्धी ऑफिसात भाजली जाते, अर्धी शिकायला येणारे घरी नेतात. त्यांच्यातल्या तिघांनी असे ओव्हन घेतले, आणि मी आता अर्ज भरून घेताना गाडीच्या वेळेबरोबर कुणाला किती मिनिटं, किती अंश तेही लिहून देते. परवा एक बाई आल्या. त्यांना गाडी शिकायचीच नव्हती. भोपळा आतून कच्चा का राहतो, एवढं विचारायचं होतं. ब्रेकबाई शिकवणी संपवून नुकत्याच आत आल्या होत्या. त्यांनी चपला काढल्या, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, “आधी हे सांगा, दार कितीदा उघडता?”