तार तुटल्याची खूण

मी सुरतला गाड्यांच्या विम्याची सर्व्हेअर आहे. म्हणजे गाडी ठोकली की ती बघायला जी बाई येते आणि जिला तुम्ही ‘गाय आडवी आली हो मॅडम’ असं सांगता, ती मी. लोकांच्या गोष्टी खऱ्या न मानणं ही माझी रोजीरोटी. या सदरातले अनुभव वाचून मी आजवर मनसोक्त हसत आले... भूत काय, भास काय! आता माझ्यावर हसायची पाळी तुमची. हसा, पण आधी पुरतं वाचा.

थोडं घरचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचे आबा धुळ्याकडून सुरतेला आले आणि त्यांनी सगळा जन्म लिंबायतच्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात काढला. तिथला खडखडाट असा, की शेजारी उभ्या माणसाचं ओरडणंही ऐकू येत नाही. म्हणून कारागीर हातांनी बोलतात. दोन तर्जन्या जुळवून झटक्यात दूर केल्या, की तार तुटली. तार म्हणजे धागा. तळहात खाली दाबला, की मशीन बंद कर, थांब. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं, की गाठ मारली, तार जोडली. मी आणि धाकटा भाऊ प्रकाश आबांचा डबा घेऊन जायचो, तेव्हा त्यांनी आमच्याही खुणा करून टाकल्या होत्या. कानाची पाळी धरली की प्रकाश, कारण त्याचा कान सदा मास्तरांच्या हातात. नाकाच्या शेंड्याला बोट लावलं की मी. माझ्या नाकावर राग असतो म्हणे!

दोन वर्षांपूर्वी आबांना लकवा झाला. उजवा हात गेला, वाचाही गेली. तेव्हापासून ते सुरतेतच डिंडोलीच्या घरात खाटेवर असतात आणि माय त्यांचं सगळं करते.

आता मूळ गोष्ट. प्रकाशचं गॅरेज आहे. जुन्या जीप उघडायच्या, जोडायच्या आणि डोंगरात नेऊन पुन्हा मोडायच्या हा त्याचा छंद. होळीच्या सुट्टीत सुरतच्या ऑफ-रोडवाल्यांच्या ग्रुपबरोबर आम्ही दोघं कच्छला गेलो. ग्रुपचे म्होरके केतनभाई, कापडाचे व्यापारी, भला माणूस. नखत्राण्याच्या उत्तरेला, रणाच्या अंगाला, एक ओस पडलेलं गाव आहे. भूकंपात पडलं ते पुन्हा बसलंच नाही. चार भिंती, एक कोरडी विहीर, बाभळी. गावाच्या खाली कोरड्या नदीची घळ, दोन्हीकडे उभे लाल कडे. त्या घळीतून जीप काढायची, असा बेत होता.

गाडी घालण्याआधी रस्ता पायी बघून यायचा, हा ऑफ-रोडिंगचा नियम. जेवण झाल्यावर प्रकाश एकटाच बघायला गेला. ‘ताई, चहा ठेव, आलोच,’ म्हणाला. चहा उकळून आटला तरी तो आला नाही. त्यातच वारा सुटला. घळीतून तो असा घोंघावत वर यायचा, की हाका मारून उपयोगच नव्हता. वॉकीटॉकीत नुसती खरखर आणि मोबाइलला रेंज तर सकाळपासूनच नव्हती.

केतनभाई म्हणाले, ‘बेन, सूरज डूबने से पहले गाँव जाते हैं, आदमी लेके आते हैं.’

‘तुम्ही जा. मी माझ्या भावाला घेतल्याशिवाय इथून हलत नाही.’

‘अरे बेन, आगे जाके घळ के दो फाटे होते हैं. किधर जाओगी?’

‘दोन्हीकडे जाईन.’

घाबरले नव्हते असं नाही. पण घाबरून बसण्यापेक्षा घाबरून चालणं बरं, एवढं मला कळतं. दोर घेतला, पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि उतरले.

फाटा आला. वाळूत पावलं होती ती वाऱ्याने पुसून टाकलेली. उजवी वाट रुंद होती. जीपवाला माणूस रुंद वाटच बघणार, म्हणून मी उजवीकडे वळले... आणि सहज वर पाहिलं.

डाव्या फाट्याच्या कड्यावर एक माणूस उभा होता. बनियन, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, खांद्यावर पंचा, कारखान्यातल्या कारागिरांसारखा. ऊन त्याच्या मागून येत होतं, चेहरा दिसला नाही. खरं सांगायचं तर मी चेहरा बघितलाच नाही, हात बघितले. दोन तर्जन्या जुळल्या आणि झटक्यात दूर झाल्या. तार तुटली. मग हात कानाच्या पाळीला गेला आणि बोट खाली, डाव्या फाट्याकडे.

त्या क्षणी मला यात नवल काही वाटलं नाही, हेच मोठं नवल! लहानपणी कारखान्याच्या दारात डबा घेऊन उभी असायचे ना, तशीच वळले आणि डावीकडे पळत सुटले.

प्रकाश पुढच्याच वळणावर सापडला. दगडाला टेकून बसला होता, घोटा सुजून टम्म. मला बघून तो हसला आणि मला रडू फुटलं. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, ‘ताई, वर कोण होता गं? पाय मोडला, डोकं गरगरत होतं, बाहेरची वाट समजून मी लंगडत पुढं चाललो होतो. त्यानं वरून खूण केली, बंद कर, थांब... आपल्या कारखान्यासारखी. मी बसलो मुकाट.’

मी पुढे जाऊन पाहिलं. वळणापलीकडे खडक एकदम संपत होता आणि खाली साचलेल्या पाण्याचा खोल, अंधारा डोह.

केतनभाई गावाला गेलेच नव्हते, बाकीच्यांना पाठवून माझ्या मागोमाग आले होते. आम्ही दोघांनी त्याला दोराने धरून बाहेर काढलं. वाटेत मी त्यांना कड्यावरच्या माणसाबद्दल विचारलं. ते म्हणाले, ‘बेन, तमे उपर जोता हता, एटले में पण जोयुं. उपर तो कोई हतुं ज नहीं.’ म्हणजे मी वर बघत होते म्हणून त्यांनीही बघितलं, तर वर कोणीच नव्हतं.

सर्व्हेअर म्हणून मी सगळं तपासून बघितलं आहे. गुराखी असेल? असेल, पण कानाची पाळी त्याने का धरावी? उन्हाचा भास? मग तो आम्हा दोघांना, वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांशी बोलण्याआधी कसा झाला? आणि आबा म्हणाल, तर आबा सुरतेला खाटेवर. शिवाय वरच्या माणसाचे दोन्ही हात चालत होते.

घरी फोनवर फक्त ‘प्रकाशचा पाय मुरगळलाय’ एवढंच कळवलं होतं, तेही दुसऱ्या दिवशी भूजहून. घळीबद्दल अवाक्षर नाही. डिंडोलीला पोचलो तर मायने दारातच तिच्या अहिराणीत सुरू केलं, ‘तुना बापनं काय करो माय! परवा दुपारपाइन नुसता कानलेच हात लाई राहिना. माले वाटनं कान दुखी राहिना व्हई, म्हनीसन लसूननं तेल गरम करीसन टाकं.’

परवा दुपारपासून आबा सारखे कान धरत होते. परवाची दुपार. प्रकाश घळीत होता ती. मी आणि प्रकाशने एकमेकांकडे पाहिलं.

आत गेलो. आबांनी प्रकाशच्या प्लॅस्टरकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून डावा हात हळूच उचलला. कानाची पाळी धरली. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं. तार जोडली. आणि बोट स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर नेऊन ठेवलं, माझी खूण.

याचं कारण मला अजून सापडलेलं नाही आणि खोटं कारण मी लिहीत नाही. त्या दिवशी मी फक्त खाटेशी बसले आणि आबांचा उजवा, न चालणारा हात दोन्ही हातांत घेतला. तळव्याला लाल मातीबिती लागलेली नव्हती... मी बघितलं, हो, मी सर्व्हेअर आहे. नुसता लसणाच्या तेलाचा वास येत होता आणि मी तो हात सोडला नाही.