ती जुनी पिकअप मी का घेतली

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. तिला मी लग्नाआधीची सगळी लफडी सांगितली, बारावीला कॉपी करताना धरलो गेलो तेही सांगितलं — पण ही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं आमच्या घरी येणंजाणं नाही. फक्त मध्येच "जाऊ द्या हो, चुकतो माणूस" असं म्हणू नका. मला ते नकोय.

विषय तसा फुसका वाटेल. जुन्या पिकअपचा. दोन गाड्या समोर होत्या, एक चार वर्षं वापरलेली, दुसरी अकरा वर्षं, आणि मी अकरा वर्षांची घ्यायला लावली. झालं. यात कसला आलाय गुन्हा? आमच्या भावकीत आजही त्या निवडीचं कौतुक होतं. कुणी कौतुक काढलं की मी पाण्याची मोटर बघायला उठतो.

आधी घर सांगतो, नाहीतर कळायचं नाही. खडकवासल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची नर्सरी आहे. जमीन वडिलांची. पूर्वी तिथं ज्वारी-कांदा व्हायचा. मग गाव महापालिकेत गेलं, चहूकडं बारा-बारा मजले उठले, आणि आम्ही रोपं विकायला लागलो. लोकांना गॅलरी हातभर आणि हौस वावरभर! धंदा उभा केला माझ्या थोरल्या भावानं, दादानं. मी रोपं वाढवायचो — कलमं, खत, पाणी. गिऱ्हाइकं दादा आणि वहिनी बघायचे. दादा गाडी चालवायचा, वहिनी शेजारी बसायच्या, आणि कोथरूडपासून शनिवार पेठेपर्यंत घरोघरी कुंड्या मांडून यायचे. मी मागं हौद्यात. कुंड्यांबरोबर. माल उतरवायला.

बारा वर्षं हौद्यात बसलो. कुणी बसवलं नव्हतं, खरं म्हणजे. पुढं दोनच सीट होत्या, एवढंच.

एकदा दोघं लग्नाला गेले होते म्हणून मी एकटा शनिवार पेठेत मोगरा पोचवायला गेलो. तिथले एक निवृत्त मास्तर दारातच म्हणाले, "आपण ड्रायव्हर का? मग कुंडी ठेवा आणि निघा. मोगऱ्याचं मी वहिनींना फोनवर विचारीन." अहो, तो मोगरा माझ्या हातचा होता! त्याला माझ्याइतकं कोण ओळखणार? पण मी "बरं" म्हणालो आणि जिना उतरलो. ते वाक्य मात्र उतरलं नाही.

पुढं दादाचे डोळे गेले. एकदम नाही. साखर होती, पथ्य पाळायचा नाही. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं धुरकट झालं. एक दिवस सिंहगड रोडला त्यानं दुभाजकाला गाडी घासली, बाजूला घेतली आणि म्हणाला, "आता म्या नाय चालवायचा." मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्या वाईटाच्या जोडीनं आणखी एक मनात आलं — आता पुढं मी बसणार. भावाचे डोळे चाललेत आणि माझ्या मनात काय आलं बघा.

आणि वहिनींनी काय केलं? ड्रायव्हिंग स्कूल लावलं. एक्केचाळिसाव्या वर्षी, साडीच्या जागी पंजाबी ड्रेस घालून, रोज सकाळी सातला. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वहिनी पहिल्या झटक्यात पास! पेढे वाटले त्यांनी. मी दोन खाल्ले आणि पाण्याची मोटर बघायला उठलो.

दादाची जुनी गाडी तोवर पार थकली होती, ती काढून टाकली आणि दुसरी बघायला सातारा रोडला एका व्यापाऱ्याकडं गेलो. आम्ही तिघंच. दादा म्हणत होता, आपल्या मेस्त्रीला संगं घेऊ. मी म्हणालो, तो गावाला गेलाय. मेस्त्री गावाला गेला नव्हता. गॅरेजमध्ये होता, आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. म्हणजे बघा — मी घरून निघतानाच काहीतरी ठरवलं होतं. आजवर मी स्वतःला सांगत आलो की तिथं गेल्यावर ऐनवेळी डोकं फिरलं. ऐनवेळी कसलं?

अकरा वर्षांच्या गाडीत वहिनी आधी बसल्या. तिला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. सीट मागंच घट्ट बसलेली, पुढं सरकेना. क्लच दाबायला वहिनींना सीटच्या पार कडेला यावं लागत होतं. शिवाय त्यांचा उजवा खांदा. वर्षानुवर्षं कुंड्या उचलून तो कामातून गेला होता, हात खांद्याच्या वर जाईना. मला ठाऊक होतं ना — चोळायचं तेल मीच आणून द्यायचो. त्यांनी दोन्ही हातांनी चाक ओढलं, ओठ दाताखाली धरला, आणि अर्ध्यातच सोडलं.

मग चार वर्षांची. तिच्यात बसल्या आणि व्यापाऱ्याच्या आवारात दोन चकरा मारल्या. एका हातानं! तिसरी विनाकारण मारली. हॉर्नही विनाकारण वाजवला. दादानं इंजिनाचा आवाज ऐकला, बॉनेटवर तळवा ठेवला आणि म्हणाला, "हीच. दुसरं काय बघूच नको." किमतीत फरक होता, पण जमण्यातला होता. व्यापारी कागद आणायला आत गेला. वहिनी उतरल्याच नाहीत. सीटवर बसून आरसे आपल्या उंचीला लावत होत्या.

इथून पुढं सांगायला नको वाटतं. सांगतो.

मी गाडीखाली वाकलो, उठलो, आणि दादाच्या कानाशी जाऊन म्हणालो, "दादा, हिची चेसी तुटलेली आहे. जोडून रंग मारलाय." चेसी म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, ज्यावर अख्खी गाडी उभी असते. तो जोडलेला असेल तर गाडी भंगारात जमा. दादानं बॉनेटवरचा हात काढला. मग म्हणाला, "दाव कुठं ते."

त्याला त्या वेळी उजेड-अंधार कळायचा, माणसाचा आकार कळायचा. गाडीखालच्या सावलीत काय दिसणार? तो गुडघ्यावर बसला. मी त्याचा हात धरला — माझ्या हातात धरला, लहानपणी तो माझा धरायचा तसा — आणि आत नेला. प्रत्येक गाडीच्या चेसीला कारखान्यातच वेल्डिंग केलेलं असतं, त्याची जाड रेघ हाताला लागते. त्या रेघेवर मी त्याची बोटं ठेवली. म्हणालो, "हे बघ. लागलं?"

तो बोटं फिरवत राहिला. एकदा, दोनदा. मला वाटलं कळलं याला. शेवटी तो म्हणाला, "हाय खरं," आणि हात पँटला पुसत उठला. वर बघून हाक मारली, "उतर गं. ही नको."

वहिनी उतरल्या. घरी येताना रिक्षात त्यांना कारण सांगितलं तर कपाळाला हात लावून म्हणाल्या, "देवानं वाचवलं. भावजींनी बघितलं म्हणून." पावसाळा तोंडावर होता, नर्सरीवाल्याच्या कमाईचे तेच महिने, आणखी गाड्या बघत फिरायला वेळ नव्हता. अकरा वर्षांचीच घेतली. वहिनी म्हणाल्या, जड हाय, पण सवयीनं जमंल मला.

गाडी घरी आली. वहिनींनी ओवाळली, चाकाखाली लिंबू ठेवलं. दादा म्हणाला, "पैली चक्कर हिची." तो सिमेंटच्या पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभा राहिला, म्हणजे मध्ये यायला नको. वहिनींना गाडी वळवून फाटकाकडं न्यायची होती. त्यांनी चाक ओढलं. निम्मं वळलं आणि खांदा थांबला. सीटवरून पुढं सरकलेल्या होत्या, क्लचवरचा पाय निसटला. गाडीनं गचका खाल्ला आणि सरळ दादाच्या अंगावर निघाली.

दादा हलला नाही. आवाज जवळ येतोय हे त्याला कळत होतं, सरकायचं कुठल्या बाजूला ते कळेना. दोन्ही हात पुढं करून उभा होता, गाडी हातानं थोपवणार असल्यासारखा. मी ओरडलो, "दादा, डावीकडं!" तो अंग टाकल्यासारखा डावीकडं पडला आणि तो उभा होता तिथंच बंपर टाकीवर आदळला. टाकी फुटली. चिखलातून वहिनी धावत आल्या, दादाचं डोकं, हात, पाय चाचपून बघितलं. गुडघा सोलवटला होता, दुसरं काही नाही. त्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. "भावजी, मी मारलं असतं ह्यांना. परत हात लावायची नाय मी."

त्या क्षणी बोलता आलं असतं. तुमची काही चूक नाही, तुम्हाला दुसरी गाडी येत होती, ती मी घेऊ दिली नाही — एवढंच. मी काय म्हणालो सांगू? म्हणालो, "तुम्ही कशाला मनाला लावून घेता? बायकांचं कामच नाही ते." आणि किल्ली खिशात टाकली. टाकताना मला बरं वाटलं. भाऊ चिखलात बसलेला होता, आणि मला बरं वाटलं.

तेव्हापासून पुढं मी. गिऱ्हाइकं मला नावानं ओळखतात, मास्तरसुद्धा "या, बसा" म्हणतात. वहिनी सुरुवातीला शेजारी बसायच्या, मग एकेक करून यायचंच सोडलं. मागच्या शेडमध्ये बसून पिशव्यांत माती भरतात. एखादी गिऱ्हाईक बाई स्कूटर नाहीतर गाडी घेऊन आली की कौतुकानं बघतात आणि म्हणतात, "मला नाय जमलं बाई. त्याला अंगात जोर पण लागतो आणि डोकं पण." पहिल्या झटक्यात पास झालेली बाई म्हणते हे! आणि मी शेजारी उभा राहून ऐकतो. गाडी म्हणाल तर इतकी गुणाची निघाली, की माझा खोटेपणा शहाणपण ठरला. दादा चारचौघांत सांगतो, "ह्याची नजर लई चांगली." आता त्याला काहीच दिसत नाही.

आणि ती दुसरी, चार वर्षांची? मला ती दिसायची. मंडईत कुणा भाजीवाल्याकडं आहे. फ्लॉवरची पोती छतापर्यंत भरलेली असायची, तरी झुकायची नाही. मी तिकडं गाडी लावणं टाळायचो. गेल्या महिन्यात घरच्या कार्यासाठी भाजी घ्यायला वहिनी माझ्याबरोबर मंडईत आल्या, आणि ती नेमकी समोर उभी. मला वाटलं त्यांच्या लक्षात यायचं नाही. त्यांनी तिचा नंबर मोठ्यानं वाचला. पाठ होता त्यांना! एवढ्या वर्षांनी पाठ होता. "भावजी, ही अजून चालतीय की," म्हणाल्या. मी म्हणालो, कोथिंबीर घ्यायची राहिली.

गेल्या आठवड्यात दुपारी दादा शेडमध्ये खाटेवर पडला होता, मी हिशेबानं रोपं मोजत होतो. वहिनी एक कागद घेऊन आल्या. त्यांच्या लायसनची मुदत संपत आली होती. मी खालमानेनंच बघितलं. त्या म्हणाल्या, "रागावू नका भावजी, पण खरं सांगा. त्या गाडीत खरंच काय होतं का? काय नसंल तर म्हंते हे पुढं वाढवून घ्यावं. तसली एखादी मिळाली तर बघीन म्हंते मी परत."

म्हणजे दहा वर्षं त्यांच्या मनात होतं ते. माझ्या हातातलं रोप तसंच राहिलं. मी तोंड उघडलं — आता सांगणार होतो का? माहीत नाही. तसं म्हणायचा मला हक्क नाही. कारण तेवढ्यात दादा खाटेवर उठून बसला. जरा चिडूनच म्हणाला, "अगं, त्याला काय इचारती? म्या सोता हात लावून बघितलंय. जोड होता. ह्या बोटांनी बघितलंय म्या."

वहिनींनी दादाकडं बघितलं, मग माझ्याकडं. वाट बघत होत्या. कोपऱ्यात पंखा फिरत होता आणि तो कागद त्यांच्या हातात हलत होता.

"मग ऱ्हाऊ द्या?" त्यांनी मला विचारलं. दादाला नाही, मला.

मी म्हणालो, "हो वहिनी. राहू द्या."