थांबा, विचारून सांगतो

लंबूच्या बापाचं सलून दोन खुर्च्यांचं. पहिली बापाची आणि दुसरी लंबूची, हे लंबू शाळेत असल्यापासून ठरलेलं होतं. पोरगा ताडमाड वाढला, गिऱ्हाइकाची दाढी करताना कमरेत मोडून उभा राहायचा, म्हणून गिऱ्हाइकांनीच त्याला लंबू हे नाव ठेवलं. हात मात्र इतका हलका, की दाढी होईपर्यंत अर्धी गिऱ्हाइकं खुर्चीतच पेंगायची.

त्या हलक्या हातानंच घोळ केला. चौकापलीकडच्या हॉस्पिटलातून बोलावणं यायचं, ऑपरेशनआधी पेशंटच्या अंगावरचे केस काढायला, आणि बाप लंबूला पाठवायचा. तीन वर्षं तो वस्तरा घेऊन वॉर्डावॉर्डात हिंडला. घाबरलेल्या माणसाच्या पोटावर हात ठेवला की तो माणूस शांत होतो, हे त्याच्या लक्षात आलं आणि आवडलंही. एक दिवस वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बारावी झालीय ना तुझी? मग नर्सिंगला ये की. माझ्या निम्म्या पोरींना असा हात नाही." लंबू हसला. घरी काही न बोलता त्यानं फॉर्म भरला.

बापाला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "नर्स? टोपी कुठली घालणार, ती पांढरी?" मग आठवडाभर अबोला. आठवड्यानंतर कुणीतरी विचारलं, पोरगा दिसत नाही हल्ली? बाप साबणाचा फेस करता करता म्हणाला, "डॉक्टरकी शिकतोय." लंबू तेव्हा कोपऱ्यात टॉवेलच्या घड्या घालत होता. त्यानं ऐकलं आणि तोंडात मूग धरून बसला. आपलेच दात, आपलेच ओठ. शिवाय खोटं का बोलू, ऐकायला बरंही वाटलं.

हॉस्पिटलच्याच नर्सिंग कॉलेजात साठ जणांत मुलगे तीन. एक पोलिसात लागला. दुसऱ्याच्या नावावर दोन चुकांच्या नोंदी झाल्या, तो प्राचार्यांच्या खोलीत गेला आणि पुन्हा काही दिसला नाही. उरला लंबू. जड पेशंट उचलायचा असला की "बोलवा त्या लंबूला", दारू पिऊन आलेला आवरायचा असला की "लंबू कुठंय?" बायकांच्या वॉर्डात शिरला की चादरी गळ्यापर्यंत वर. एका म्हातारबाबांनी तर विचारलं, "दुसरं काही मिळालं नाही का रे बाबा?" आणि तेही लंबू त्यांची पाठ पुसत असताना. पाठ पुसून घेतली ती घेतलीच.

सगळ्यात मोठी गंमत हाकांची होती. सव्वा सहा फुटाचा पांढऱ्या कपड्यांतला पुरुष दिसला की नातेवाईक म्हणायचे डॉक्टर. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरबाई, पंधरा वर्षांच्या अनुभवाच्या, त्यांना सगळे म्हणायचे, "अहो सिस्टर, जरा पंखा लावा." डॉक्टरबाई प्रत्येकाला न चुकता सांगायच्या, "मी डॉक्टर आहे. आणि पंख्याचं बटण दाराजवळ आहे." लंबूही पहिल्या वर्षी सांगायचा, मी डॉक्टर नाही. दुसऱ्या वर्षी कंटाळा यायला लागला. छातीवर बिल्ला होता, त्यावर सगळं छापलेलं होतं. वाचायचं त्यानं वाचावं.

त्या दिवशी तो सातलाच वॉर्डात आला. पुरुषांचा सर्जरीचा वॉर्ड. रात्रपाळीच्या सिस्टर साडेसातला चार्ज देतात, म्हणजे प्रत्येक खाटेजवळ उभं राहून कुणाचं काय झालं ते दिवसपाळीला सांगतात. तोवर आपण ताप बघून टाकू, असा त्याचा विचार. त्याच्या नावावर एक नोंद आधीच होती. एका म्हाताऱ्याच्या खाटेचा कठडा वर करायला तो विसरला होता. मोठ्या सिस्टरनी तेव्हा बजावलं होतं, "दुसरी नोंद झाली की प्रकरण माझ्या हातात राहत नाही." म्हणून तो जरा जास्तच कामसूपणा करत होता.

सात नंबरच्या खाटेवर फरशी बसवणारा एक कारागीर होता. पित्ताशयात खडे, ऑपरेशन उद्या, असं लंबूला कालच्या यादीवरून माहीत होतं. कारागिराची बायको उशाशी उभी होती. खाटेच्या दांडीवर तिनं ओला टॉवेल वाळत घातला होता.

"डॉक्टरसाहेब," ती हळूच म्हणाली, "रात्रीपासून पोटात काही नाही यांच्या. चक्कर येते म्हणतात. थोडं दूध दिलं तर चालेल ना?"

आता इथं बघा. कुठलीही नर्स, अगदी पहिल्या वर्षाची पोरसुद्धा, एकच उत्तर देते. थांबा, विचारून सांगते. लंबूही रोज दहा वेळा तेच म्हणायचा. पण बाईनं डॉक्टरसाहेब म्हटलं होतं, आजूबाजूच्या चार खाटा ऐकत होत्या, आणि डॉक्टर कुठं कुणाला विचारायला जातो?

"द्या की," लंबू म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे वळला.

चार्ज देताना रात्रीच्या सिस्टर सात नंबरजवळ थांबल्या. चार नंबरला रात्री ताप भरला, म्हणून त्याचं ऑपरेशन रद्द आणि त्याच्या जागी सात नंबर आज, साडेदहाला. रात्री दहापासून उपाशी ठेवलाय, बोर्ड लावलाय. सिस्टरनी टॉवेल बाजूला केला. खाली दांडीला लाल अक्षरांचा बोर्ड लटकत होता. तोंडावाटे काही देऊ नये.

लंबूनं बाईकडे बघितलं. बाई खाली बघत होती. मग त्याला उमगलं की तिला सगळं माहीत होतं. सिस्टर नाही म्हणाल्या होत्या, म्हणून तिनं सिस्टरपेक्षा मोठा माणूस गाठला होता. आणि मोठा माणूस हो म्हणाला होता.

भरल्या पोटी भूल दिली तर काय होतं, हे त्यानं पंधराच दिवसांपूर्वी वहीत लिहून घेतलं होतं. बेशुद्धीत पोटातलं वर येतं आणि छातीत उतरतं. माणूस ऑपरेशनच्या टेबलावरच दगावू शकतो. खाली डॉक्टरबाईंचं वाक्य होतं, त्याला त्यानं दोन रेघा मारल्या होत्या. सहा तास म्हणजे सहा तास.

सोबतची मंडळी पुढच्या खाटेकडे सरकली. लंबू मागं राहिला.

"दूध दिलंत?"

"एक पेलाभर," ती पुटपुटली. "आणि चार बिस्किटं. तुम्हीच म्हणालात ना?"

"ऑपरेशन पुढं ढकलावं लागेल."

कारागीर उठून बसला. "नका हो डॉक्टर. मुकादमानं आठच दिवस दिलेत. मग माझ्या जागी दुसरा येतो. एक पेला दुधानं काय होतंय? आम्ही नाही सांगणार कुणाला."

झाकली मूठ सव्वा लाखाची. तिघांनाच ठाऊक होतं, आणि तिघांनाही गप्प राहण्यातच फायदा होता. लंबूनं त्यांना काहीच उत्तर दिलं नाही. नाही म्हणाला नाही आणि हो म्हणाला नाही, आणि मला विचाराल तर त्यातच निम्मं हो असतं.

नऊला मोठ्या सिस्टरनी त्याच्या हातात फॉर्म दिला. "सात नंबर तयार कर. कपडे, दात, अंगठ्या, सगळं बघून भर. मी सही करते." फॉर्मवर पाचवी ओळ होती, शेवटचं अन्नपाणी किती वाजता. बाकी चौदा ओळी लंबूनं भरल्या. पाचवीवर पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं. कागदावर निळा ठिपका तेवढा उमटला. सिस्टर फोनवर बोलत होत्या, त्यांनी न बघता खाली सही केली. पावणेदहा झाले होते.

अजून वेळ होता. सिस्टरचा फोन संपला की सांगू, असं त्यानं ठरवलं. फोन संपला आणि त्या राउंडला गेल्या. राउंड संपला की सांगू. दुसरी नोंद, प्राचार्यांची खोली, मग सलूनची दुसरी खुर्ची. बाप काही बोलणार नाही, फक्त खुर्ची झटकून देईल. आणि गिऱ्हाइकं विचारतील, काय डॉक्टर, परत आलात?

दहा वाजता ऑपरेशन थिएटरमधून वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर घेऊन आले. लंबूनं कारागिराला उचलून त्यावर घेतलं. उचलताना त्याच्या तोंडाला दुधाचा वास आला.

स्ट्रेचरचं एक चाक करकरत होतं. मामा पुढून ओढत होते, लंबू मागून ढकलत होता, बायको बाजूनं चालत होती. लिफ्ट बंद, म्हणून लांबच्या उतारावरून जावं लागलं. कारागिरानं लंबूचं मनगट धरून ठेवलं होतं. घाबरलेला माणूस धरतो तसं. त्याचा हात दगडासारखा खरखरीत होता, आणि तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "तुम्ही आत असाल ना डॉक्टर?"

लंबूच्या कानशिलांवरून घाम उतरला. हा माणूस आपल्या भरवशावर आत चाललाय, आणि ज्याच्या भरवशावर चाललाय तो डॉक्टर मुळात नाहीच. हे लंबूला वॉर्डातच कळायला हवं होतं. कळलं ते उतारावर.

थिएटरच्या दारात डॉक्टरबाई टोपी बांधत उभ्या होत्या. त्यांनी फॉर्म घेतला, कारागिराकडे वाकल्या. "काही खाल्लंय-प्यायलंय?"

"नाही मॅडम. कालपासून काही नाही."

"छान." त्यांचं बोट फॉर्मवरून खाली उतरत गेलं आणि पाचव्या ओळीवर थांबलं. "ही ओळ कोरी का?"

बायकोनं पदर तोंडाला लावला.

"खाल्लंय," लंबू म्हणाला. "सव्वासातला. पेलाभर दूध, चार बिस्किटं. मी चालेल म्हणून सांगितलं."

"तू कोण सांगणार?"

"त्यांना मी डॉक्टर वाटलो. मी डॉक्टर नाही असं मी म्हणालो नाही."

डॉक्टरबाईंनी डोक्यावरची टोपी काढली. घड्याळाकडे बघितलं, मग लंबूकडे. "आणि तीन तास गप्प होतास." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आत गेल्या, आणि आतून सर्जनचा आवाज आला, तो मात्र उताराच्या खालपर्यंत ऐकू गेला असेल.

परतीच्या वाटेवर कारागिरानं मनगट धरलं नाही. बायको वॉर्डाच्या दारात थांबली आणि सगळ्यांसमोर बोलली. "डॉक्टर नव्हतात तर सांगायचं होतं ना. मी माझ्या माणसाचा जीव तुमच्या बोलण्यावर टाकला." तिचंही थोडं चुकलं होतं, पण लंबूनं ते काढलं नाही. तो चार खाटांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी नर्स आहे ताई. शिकाऊ. मी विचारून सांगायला हवं होतं." दोन वर्षांत हे वाक्य एवढ्या मोठ्यानं तो पहिल्यांदाच म्हणाला.

मोठ्या सिस्टरनी त्याच्यापुढं कागद ठेवला. "स्वतःच्या हातानं लिही. आणि मी न बघता सही केली, तेही लिही." प्राचार्यांचं पत्र घरी गेलं. पालकांना घेऊन या.

बाप सलून बंद करून आला. लग्नाला जाताना घालतो तो शर्ट घालून. प्राचार्यबाईंनी लंबूचा कागद त्याच्यापुढं सरकवला. बापानं ओळीखाली बोट धरून सावकाश वाचला, आणि एका ओळीवर बोट अडलं.

"मी डॉक्टर नाही, हे मी सांगितलं नाही," त्यानं वाचून दाखवलं. "का नाही सांगितलंस?"

"दुकानात तुम्ही सांगता, तेव्हाही मी सांगत नाही बाबा."

बापाचं बोट तिथंच राहिलं. प्राचार्यबाई खिडकीकडे बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "दारात बोलला नसता तर आज मी त्याला घरी पाठवलं असतं. आणि वॉर्डात बोलला असता तर तुम्हाला इथं बोलावलं नसतं." शिक्षा अशी, की सर्जरीच्या वॉर्डाचे तीन महिने पुन्हा, आणि पास होणं तेवढं लांबणीवर. बापानं सही केली.

कारागिराचं ऑपरेशन तिसऱ्या दिवशी झालं आणि नीट झालं. मुकादमानं दुसरा माणूस घेतला की नाही, हे लंबूनं विचारलं. घेतला होता. लंबूच्या कागदावर ही ओळ नव्हती, पण ती त्याला पाठ आहे.

रविवारी सलूनमध्ये गर्दी होती. लंबू मदतीला आला होता, आरसे पुसत होता. बापाच्या खुर्चीत नेहमीचे गिऱ्हाईक, निवृत्त पोस्टमास्तर, गळ्यापर्यंत फेसानं माखलेले. आरशात लंबू दिसल्यावर ते खुशीत म्हणाले, "काय डॉक्टर, सुट्टी वाटतं?"

लंबूनं तोंड उघडलं. पण बाप आधी बोलला. वस्तरा पोस्टमास्तरांच्या गळ्याशी होता.

"डॉक्टर नाही तो. नर्स आहे."

पोस्टमास्तर दचकून वळायला गेले.

"मान हलवू नका," बाप म्हणाला. "लागेल."