अनुमोदकाची सही

जुरोंग आयलंडच्या कंपनी बसमध्ये काका रोज माझ्या शेजारी बसतात. मोबाइलवर अमेरिकेतल्या पक्षांच्या बातम्या वाचायच्या आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असं बोलायचं, ही त्यांची सवय. "राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी तोंडावर बोलणाऱ्या बंडखोराला मिळत नाही बघ. सभेत टाळ्या त्यालाच. पण हा पडला तर आपलं काय, म्हणून ऐनवेळी सगळे मागे सरतात." मी हळूच मान डोलवायचो.

आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष म्हणजे माझा मॅनेजर. परवा काकांनी मंडळाच्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध भरलेला स्वतःचा उमेदवारी अर्ज माझ्या मांडीवर ठेवला. अनुमोदक म्हणून माझं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, सही तेवढी बाकी होती. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे या परक्या देशातला नोकरीचा परवाना, पुढच्या महिन्यात संपतो आणि तो वाढवून घेणं मॅनेजरच्याच हातात. पुढच्या सीटवर कोण आहे, ते मी आधी बघितलं.

ते चिडले नाहीत. शर्टाच्या खिशात खोडरबर तयारच होता. माझं नाव खोडून त्यांनी कागदावर फुंकर मारली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "पासचं होऊ दे आधी."

खोडलेलं नाव उजेडात अजून वाचता येत होतं. मी म्हणालो, "काका, जरा नीट खोडता का?"