भोकाची पेटी

बंगळूरच्या शिवाजीनगरात माझं सीटकव्हरचं दुकान आणि सयाजीचं सुतारकामाचं दुकान यांच्यात एकच भिंत. सयाजी कशाने खूश होतो ते मला विचारा. पोटात गरम कॉफी आणि हाताखाली गाडीच्या डिकीत बसवायची स्पीकरपेटी, एवढं मिळालं की स्वारी खूश. त्या वर्षांत बंगळूरच्या पोरांना गाडीत दणदणीत आवाज हवा झाला होता. सयाजीने कुणाची तरी परदेशी पेटी खोलून बघितली आणि तेव्हापासून खुर्च्या-टेबलांतून त्याचं मन उडालं ते उडालंच.

जाड प्लायवूडची पेटी, तिला एक मोठा स्पीकर, शेजारी गोल भोक आणि भोकात पाण्याच्या नळाचा पाइप. पाइप लांब केला की आवाज आणखी खोल जातो, असं तो मला समजावायचा. पेटीत हवा किती मावते ते बघायला तो तिच्यात नाचणी ओतायचा आणि शेराने मोजून परत काढायचा. सांडलेली नाचणी माझ्या दुकानात यायची. पेटीवर कार्पेट चढवायचं कामही माझ्याकडेच, आणि त्या भोकाभोवती कापड कापताना मी त्याला मनसोक्त शिव्या द्यायचो.

पण शिव्यांचा पहिला मान त्याच्या वडिलांचा. मल्हाररावांनी जन्मभर देव्हारे आणि पाळणे केले होते. त्यांची एक रीत होती. काम मनासारखं उतरलं की ते गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी आत कुंकू लावलेलं हळकुंड ठेवायचे. "लाकडाला रिकाम्या हाताने सासरी पाठवू नये," म्हणायचे. काम पटलं नाही तर हळकुंड नाही, मग ते पोटच्या पोराचं का असेना. सयाजीच्या एकाही स्पीकरपेटीला त्यांनी ते दिलं नव्हतं.

"धड पेटी करायची आणि तिला भोक पाडायचं! हे काय सुतारकाम?"

सयाजी हसून सोडून द्यायचा. पण पेटी न्यायला गिऱ्हाईक आलं की तो हळूच भोकातून आत डोकवायचा, हे मी कितीदा पाहिलंय. आत काही नसायचं. मग "सरी, ठीक आहे, उचला" म्हणून बाजूला व्हायचा. मला म्हाताऱ्याचा असा राग यायचा की सांगता सोय नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला राजाजीनगरच्या त्रिविक्रमची नवी गाडी आमच्या दारात उभी होती. पेटी डिकीत बसवून झाली होती. मल्हाररावांनी करवत, रंधे, पटाशा मांडून पूजा केली, गाडीपुढे कोहळा फुटला, चुरमुरे वाटले गेले. त्या गर्दीत सयाजीला पेटीत डोकवायचं भान राहिलं नाही. त्रिविक्रम गाणी लावून निघाला आणि सगळा रस्ता वळून बघत राहिला.

दसरा उलटला आणि तो रागाने लाल होऊन परत आला. गाण्याने जोर धरला की पेटीत काहीतरी कडकड वाजत होतं. त्याने कन्नडात जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सयाजीचा चेहरा पडला. सांधा सुटला असेल तर नाव जाणार, आणि तेही वडिलांच्या समोर. मल्हारराव स्टुलावर बसून पान चघळत होते.

सयाजीने स्क्रू काढले, स्पीकर बाहेर घेतला, आत हात घालून सगळे सांधे चाचपले. मग त्याचा हात थांबला. मला वाटलं खिळा टोचला. त्याने मूठ बाहेर काढून उघडली. तळव्यावर हळकुंड होतं, कुंकवाचा डाग लागलेलं.

"अप्पा, हे तुम्ही टाकलंत?"

"मग काय करू? तुझ्या पेटीला दार नाही, कप्पा नाही. एक भोक ठेवलंयस, तिथूनच टाकलं. आत वाजेल हे मला काय ठाऊक?"

सयाजीला हसू आणि रडू एकदमच आलं. चाळिशीचा बाप्या भर बाजारात बाहीने डोळे पुसत होता. खोटं कशाला बोलू, माझंही तेच झालं. त्रिविक्रम गोंधळून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. मी त्याला सगळी हकीकत सांगितली, तेव्हा कुठे त्याचा आवाज खाली आला. ते काढू नका, आतच राहू दे, असं तो आपणहून म्हणाला.

सयाजीने हळकुंडाला गोंद माखून ते आतल्या कोपऱ्यात पक्कं चिकटवलं. गोंद सुकेपर्यंत सगळ्यांची कॉफी झाली. स्पीकर परत बसला, गाणं लागलं. माझ्या दुकानाची काच थरथरली, पण पेटीतून कडकड नाही.

मल्हारराव उठले. डिकीपाशी वाकून त्यांनी भोकासमोर तळहात धरला. प्रत्येक ठोक्याला आतून वारा येत होता.

"श्वास घेते की रे ही," ते म्हणाले. मग भोकाच्या कडेवरून बोट फिरवत त्यांनी सयाजीकडे बघितलं. "स्वल्प वाकडं आहे. पुढच्या पेटीचं भोक मी पाडतो."