कातरबाई हसली तेव्हा

नाट्यगृहाच्या कपडेपटात मशीनवर बसणाऱ्या बाईला सगळे कातरबाई म्हणत. ते हातातल्या कात्रीमुळे नव्हे, जिभेमुळे.

ऐन तारुण्यात तिनं एका काळ्या परदेशी माणसाशी लग्न केलं होतं. तिकडच्या लष्करशहांविरुद्ध लिहिलं म्हणून तो जीव मुठीत धरून पळून आलेला. “तोंड काळं केलंस, ते परत दाखवू नकोस,” म्हणत भावानं दार लावून घेतलं. नवऱ्याचे सोबतीही त्याच्यासारखेच परागंदा. ते रोज बाहेरच्या खोलीत जमायचे, तिच्या हातचा चहा प्यायचे आणि तिच्यादेखत आपल्या भाषेत तिला ‘पांढरी पाल’ म्हणायचे. आपल्याला ती भाषा कळते, हे तिनं कधी कळू दिलं नाही. पुढं तिकडची राजवट कोसळली. “घर लावतो आणि बोलावतो,” म्हणून नवरा गेला. तिकडे त्याला पद मिळालं आणि सोबत्यांनी शोधलेली, त्यांच्यातली बायकोही. काही सोबती मात्र इथंच राहिले.

त्याच्यापासून झालेली मुलगी आईपाशीच मोठी झाली, नटी झाली. तिनं आईबापावर नाटक लिहिलं आणि त्यात आईचं काम स्वतःच घेतलं. तालमीला कातरबाई दारात उभी राहिली. मामा दुष्ट दाखवला होता, ते ठीक. पण बापाचे सोबती नवरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तू आमची लेक!”

“हे कुणी सांगितलं तुला?” तिनं मुलीला विचारलं.

“बाबांच्या मित्रांनी. तू कधी धड बोललीस?”

“ती माणसं माझा दुस्वास करायची.”

“तुझ्या मते सगळं जगच तुझ्या वाइटावर असतं!”

“मग कपडेही तुझे तूच शीव.”

पहिल्या प्रयोगाला ते म्हातारे सोबती पुढच्या रांगेत बसले होते. कातरबाई तिकीट काढून मागे बसली. ‘तू आमची लेक’ आलं आणि ती खदाखदा हसत सुटली. माना वळल्या. मुलगी वाक्य विसरली. दारवानानं कातरबाईला दंडाला धरून बाहेर काढलं.

“आई नव्हेस, वैरीण आहेस!” मुलगी घरी येऊन किंचाळली.

“असेन. पण माझ्या नावावर खोटं खपवू नकोस.” आणि कातरबाईनं त्या लोकांची बोलणी त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच हेलात एकामागून एक म्हणून दाखवली. बापाची भाषा मुलीला येत होती. तिचा चेहरा उतरला. तिनं बॅग भरली आणि ती निघून गेली.

थोड्याच दिवसांत एक म्हातारा सोबती तणतणत कपडेपटात आला. “पोरीला काय पढवलंस? रंगमंचावर आमच्या तोंडी शिव्या घातल्यात तिनं! काढायला सांग.”

“ती बापावर गेलीय,” मशीन न थांबवता कातरबाई म्हणाली. “लिहिलेलं मागं घेत नाही. चला, उजेड सोडा.”

मायलेकी अजून बोलत नाहीत. प्रयोग मात्र चालू आहेत. पुढची रांग रिकामी असते.