गायकवाड ताईंचा सकाळचा प्रश्न

सकाळी चहाच्याही आधी गायकवाड ताई परीक्षेला बसायच्या. परीक्षा घ्यायचा एक जुना कॉम्प्युटर. कीबोर्डच्या खोक्यातच सगळं यंत्र, त्यात फ्लॉपी घालायची आणि वायर टीव्हीला जोडायची, असला. त्यांच्या भावाने तो दुबईहून आणला तेव्हा आमच्या दहिसरच्या बिल्डिंगमध्ये धड फोनही नव्हते. बिघडला की ताई कुठून कुठून सुटे भाग पैदा करायच्या, पण नवा घेणार नाहीत.

महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, मूळच्या परभणीकडच्या, एकट्या राहणाऱ्या या बाई हौसेने शेल स्क्रिप्ट लिहायच्या. ते काय असतं, म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "सुनेला चिठ्ठी लिहून ठेवतो ना, आधी हे कर, मग ते कर, तसं. फक्त ही सून स्वतःची अक्कल चालवत नाही."

सकाळची स्क्रिप्ट साधी होती. रात्रीचं जेवण झालं की आज कोणती भाजी केली ते ताईंनी टाइप करून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर विचारणार, काल भाजी कोणती होती? उत्तर जुळलं की पडदा निळा. नाही जुळलं तर लाल.

हा खेळ नव्हता. ताईंची आई शेवटी लेकीलाच "बाई, तुम्ही कुणाच्या?" म्हणून विचारायची. त्याआधी किती तरी दिवस ती विसरत होती आणि घरातले सगळे हसून सांभाळून घेत होते. चूल पेटती ठेवून ती शेताकडे निघून गेली आणि स्वयंपाकघर जळलं, तेव्हा कुठे सगळ्यांचे डोळे उघडले. "माणसं सांभाळून घेतात गं," ताई म्हणायच्या, "मशीनला माझी दया येत नाही."

त्यांनी टीव्ही मुद्दाम गॅलरीच्या खिडकीकडे तोंड करून ठेवला होता. मी त्यांच्या शेजारची. दूध आणायला जाताना आत डोकावायचं, आणि लाल दिसलं तर सरळ आत येऊन आधी गॅस बंद करायचा, असं त्यांनी मला बजावलं होतं. किल्लीही दिली होती. मी हो म्हणून बसले आणि माझ्या सकाळी नासल्या. निळं दिसलं की जिन्यात थांबून श्वास घ्यायचा, मग दूध.

यंदा थंडीत पडदा रोज निळाच होता. मी निर्धास्त व्हायला हवं होतं. पण त्यांच्या दारावरून जाताना रोज एकच वास येऊ लागला. खालचा भाजीवाला भैयाही एकदा हसून म्हणाला, "टीचर आजकल सिर्फ मेथी लेती है."

संध्याकाळी मी त्यांना विचारलंच. ताई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रोज मेथीच केली की चुकत नाही."

मशीनला फसवता येत नव्हतं, म्हणून या बाईने आपलं जेवणच एका भाजीवर आणून ठेवलं होतं. मी हात धरून त्यांना उठवलं. माझ्या घरचा दोडका आणला, दोघींनी मिळून भाजी केली, जेवलो, आणि त्यांनी माझ्यासमोर एकेक अक्षर शोधत दोडका टाइप केला. शिरा काढताना माझी फजिती झाली तेव्हा त्या खूप हसल्यासुद्धा.

सकाळी मी त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. प्रश्न आला. ताईंची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तू होतीस ना काल? सांग ना गं."

शब्द अगदी ओठावर होता. मी ओठ आवळून बसले.

त्यांनी मेथी टाइप केलं. अख्खी खोली लाल झाली. मी उठून गॅस पाहून आले, बंदच होता. परत आले तर ताई पदराने चष्मा पुसत होत्या.

"छायाला फोन लाव," त्या म्हणाल्या. छाया म्हणजे परभणीची भाची, त्यांनीच शिकवून मोठी केलेली. नंबर मी शोधायला लागले तर त्यांनी तो तोंडपाठ सांगितला, एकही आकडा न चुकता. मला रडू आवरेना. त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला.

"छाये, मला न्यायला ये," त्या म्हणाल्या. "लवकर ये. अजून ओळखते मी तुला."